कोपऱ्यातली सही



आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक नळाजवळ पूर्वी एक पत्र्याची पाटी होती. निळ्या रंगावर पांढरी, गोल वळणाची अक्षरे. मजकूर एवढाच, 'नळ बंद करा. तोही दमतो.' खाली एक लहानसा नळ काढलेला, त्याला दोन डोळे आणि कपाळावर घामाचे थेंब. नगरपालिकेची 'पाण्याचा अपव्यय करू नये, हुकमावरून' अशी पाटी त्याच नळाच्या वरच्या अंगाला होती. ती कोणी वाचल्याचे मला आठवत नाही. ही मात्र लहान मुलेसुद्धा मोठ्याने वाचायची आणि वाचता वाचता नळ बंद करायची. माझी थोरली मुलगी 'ळ' हे अक्षर शाळेत जाण्याआधी त्या पाटीवर शिकली.

ही पाटी आमच्या वस्तीतल्या पेंटरकाकांनी रंगवली होती. कोणी सांगितले नव्हते, पैसेही दिले नव्हते. दुकानाची पाटी रंगवून उरलेला रंग डब्यात वाळून जाण्यापेक्षा कुठेतरी लागावा, एवढाच त्यांचा हिशेब. अशा त्यांच्या पाट्या वस्तीभर होत्या. वाचनालयाच्या दारावर, 'चपला बाहेर ठेवा. भांडणे त्याहून बाहेर.' मागच्या गल्लीतल्या ज्या भिंतीचा पुरुष मंडळी गैरवापर करीत, तिथे, 'येथे उभे राहू नका. समोरच्या खिडकीतून आई बघते आहे.' आणि त्या भिंतीसमोर खरोखरच खिडक्या होत्या! ती भिंत आठवडाभरात कोरडी झाली.

मी एकदा त्यांना विचारले, "काका, हे सुचते कसे?" ते म्हणाले, "साहेब, हुकूम लिहिला की माणूस मान वळवतो. गंमत लिहिली की थांबतो. थांबला की वाचतो. आपले काम तेवढेच." मी कचेरीत कारकून. आयुष्यभर परिपत्रके आणि सूचना लिहिण्यात गेले. माझी एकही सूचना वाचून कोणी हसले नाही आणि मनापासून कोणी पाळलीही नसावी. त्यामुळे काकांचे ते वाक्य माझ्या मनात राहिले.

त्यांचे काम बघणे हा पोरांचा उद्योग असे. आधी पत्र्याला घासकागद मारायचा, मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. वाळल्यावर खडूच्या भुकटीत बुडवलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. टण्‌ असा आवाज होऊन सरळ पांढरी रेघ उमटे. मग डाव्या हातात काठी, काठीवर उजव्या हाताचे मनगट टेकवलेले, आणि चपटा ब्रश एका श्वासात वेलांटी ओढून मोकळा. थंड पेयाच्या दुकानाची पाटी असेल तर अक्षरांच्या माथ्यावर बर्फ. फटाक्याच्या दुकानाची असेल तर अक्षरांना ज्वाळा. मजकूर सांगणारा दुकानदार, पण तो बोलका करणारे काका. आणि अगदी शेवटी, उजव्या कोपऱ्यात, तांदळाएवढ्या अक्षरांत त्यांची सही.

ती सही आम्ही कधी वाचली नाही.

हे सगळे आज आठवण्याचे कारण एका चित्रकाराचा मृत्यू. २२ सप्टेंबर २०२४ रोजी गोव्यात हनीफ कुरेशी हे कलावंत वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी कर्करोगाने गेले. त्यांचे नाव आपल्यापैकी फार जणांनी ऐकले नसेल. मीही वर्तमानपत्रातली बातमी वाचूनच त्यांच्याविषयी शोधाशोध केली. पण त्यांनी जे केले ते आपल्या घराघरांशी संबंधित आहे, म्हणून सांगतो.

कुरेशी मूळचे गुजरातचे. लहानपणी गावातले पाट्या रंगवणारे पेंटर बघून आपणही तसेच व्हावे असे त्यांना वाटे. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि दिल्लीत जाहिरातीच्या धंद्यात चांगली नोकरी केली. शिकलेला माणूस सहसा मागे वळून बघत नाही. एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवता रंगवता मोठे चित्रकार होण्याची मजल मारली, ते आपल्याला ठाऊक आहे. कुरेशी उलट्या दिशेने गेले. मोठ्या शाळेत शिकून ते पुन्हा रस्त्यावरच्या पेंटरकडे आले, आणि विद्यार्थी म्हणून आले.

२०१० च्या सुमारास त्यांनी एक उपक्रम हाती घेतला. संगणकावरची छपाई आणि चिकटपट्टीची कापीव अक्षरे आल्यामुळे गावोगावचे पेंटर दुकान बंद करीत होते. कुरेशी त्यांच्याकडे जात, आणि आपल्या हाताने पूर्ण अक्षरमाला रंगवून द्या अशी विनंती करीत. मग ती अक्षरे संगणकात घालून त्यांचा टंक, म्हणजे ज्याला आज सगळे 'फाँट' म्हणतात, तो तयार करीत. आता मुद्दा ऐका. संगणकातल्या टंकांना साधारणपणे कंपनीची किंवा काहीतरी भारदस्त नावे असतात. कुरेशींनी त्या टंकांना त्या त्या पेंटरचेच नाव दिले. 'पेंटर काफील', 'पेंटर उमेश' अशी. दिल्लीतल्या काफील पेंटरचे अक्षर थरावर थर चढवून केलेले. आधी मूळ अंग, मग बाजूची जाडी, मग सावली. संगणकातही ते थर सुटे सुटे ठेवले, म्हणजे वापरणाऱ्याला पेंटरची चढण्याची रीत कळावी. टंक विकला गेला तर त्या पैशातला वाटा पेंटरला मिळावा, अशीही योजना होती.

ज्याच्या हाताने देशभरातल्या दुकानांना नावे दिली, त्याचे स्वतःचे नाव कोपऱ्यात तांदळाएवढे. कुरेशींनी ते कोपऱ्यातून उचलले आणि अक्षराच्याच कपाळावर लिहिले.

ते स्वतःही खट्याळ पाट्या करीत. दिल्लीच्या भिंतींवर 'डाकू' या टोपणनावाने लिहिणारा एक अनामिक चित्रकार होता. बाकीचे भिंतीवाले इंग्रजी अक्षरांत आपली नावे लिहीत, हा पठ्ठ्या मोठ्या झोकात देवनागरीत 'डाकू' लिही. रस्त्यावरच्या लाल 'स्टॉप'च्या पाट्यांवर त्याच धाटणीच्या अक्षरांत तो खाली एखादा शब्द जोडी. मग वाहनचालकाला थांबण्याचा हुकूम देणारी पाटी एकदम म्हणू लागे, लाच देणे थांबवा, किंवा बायकांवरचे अत्याचार थांबवा. पाटी सरकारची, आणि प्रश्न सर्वांना! हा डाकू म्हणजेच कुरेशी, हे जगाला त्यांच्या मृत्यूनंतर उघडपणे कळले.

दिल्लीत लोधी कॉलनी नावाची सरकारी नोकरांची जुनी वसाहत आहे, इंग्रजांच्या अखेरच्या काळात बांधलेली. म्हणजे माझ्यासारख्या कारकुनांचीच घरे म्हणा. कुरेशी ज्या संस्थेच्या स्थापनेत होते, त्या 'स्टार्ट इंडिया फाउंडेशन'ने २०१५ पासून तिथल्या पन्नासाहून अधिक भिंती देशोदेशीच्या चित्रकारांकडून रंगवून घेतल्या. त्यातली डाकूची भिंत निराळी. तिच्यावर अक्षरे रंगवलेली नाहीत. अक्षरे भिंतीतून बाहेर काढून बसवलेली आहेत, आणि ऊन पडले की त्यांची सावली भिंतीवर शब्द होऊन उमटते. काळ सर्व काही बदलतो, अशा अर्थाचे ते लिखाण. ऊन सरकते तशी अक्षरे लांबतात, तिरपी होतात आणि संध्याकाळी पुसली जातात. पाहायला तिकीट नाही, दारावर रखवालदार नाही. याच संस्थेने २०१७ साली मुंबईत ससून डॉकवर प्रदर्शन भरवले, तेव्हा तिथे राबणाऱ्या माणसांचे मोठमोठे चेहरे भिंतींवर झळकले होते. मासळीची टोपली उचलणाऱ्या बाईला स्वतःचा चेहरा गोदीच्या भिंतीवर पाहायला मिळाला.

बातमी वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पत्नीने विचारले, "काय झाले?" मी म्हणालो, "काही नाही." पण काही होते. ते आज लिहून टाकतो.

२००६ साल. मी मंडळाचा चिटणीस होतो. दरवर्षी एक एप्रिल उजाडला की पेंटरकाका ब्रश फडक्यात गुंडाळून माझ्या दारात येत. चौदा एप्रिलच्या फलकाचे कापड कुठून आणायचे, माप काय, मजकूर काय, हे ठरे. बाबासाहेबांचे चित्र काढायला त्यांना दोन रात्री लागत. चष्म्यावरची चकाकी ते सगळ्यात शेवटी काढीत, आणि ती काढताना आजूबाजूला कोणी बोललेले त्यांना चालत नसे.

त्या वर्षी नाक्यावर फ्लेक्सचे दुकान निघाले होते. काकांचा फलक बाराशे रुपयांचा, फ्लेक्स सहाशेत. शिवाय फ्लेक्सवर कार्यकारिणीच्या सगळ्यांचे फोटो येणार. बैठकीत ठराव एकमताने झाला. ठराव लिहिला मी. किर्दीत सहाशे रुपयांची बचत दाखवली, तीही मीच. बी.कॉम. झालेल्या माणसाला बचत दाखवताना फार बरे वाटते.

काका नेहमीप्रमाणे आले. मी म्हणालो, "काका, यंदा फ्लेक्स लावतोय." ते क्षणभर थांबले. मग एवढेच म्हणाले, "चष्म्याची चकाकी नीट येते का त्यात?" आणि गेले. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. हळूहळू दुकानदारांनीही काकांच्या पाट्या उतरवल्या. काकांनी एका गोदामात रात्रपाळीची रखवालदारी धरली. नळाजवळची पाटी गंजून केव्हा पडली, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मी फ्लेक्सवाल्याला दोष देत नाही. त्यालाही पोट आहे आणि यंत्राचे हप्ते आहेत. यंत्र येणारच. पण आम्ही एका हाताचे काम काढून घेतले आणि त्या हाताला दुसरे काय देता येईल, याचा एका ओळीचाही ठराव केला नाही. तो फ्लेक्स तरी किती टिकला? मे महिन्यात कोणाच्या तरी गळक्या छपरावर गेला आणि फाटल्यावर पोरांनी शेकोटीत टाकला. त्या प्लास्टिकचा विषारी धूर सगळ्या वस्तीने खाल्ला. काकांचे कापडी फलक मात्र धुऊन पुन्हा वापरात येत. एका फलकाच्या मागच्या बाजूची गोधडी आमच्या घरी अजून आहे.

ट्रकच्या पाठीमागची रंगीत अक्षरे तुम्ही सगळ्यांनी वाचली आहेत. 'हॉर्न ओके प्लीज'मुळे विनाकारण भोंगे वाजतात, म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ३० एप्रिल २०१५ रोजी ते शब्द लिहिण्यास मनाई केली. कारण योग्यच होते. पण ट्रकवरचे मोर, कमळे, आईचा आशीर्वाद, मागच्या गाडीवाल्याची केलेली चेष्टा, हे कोणाच्या हुकमाने आले नव्हते आणि हुकमाने जाणारही नाही. ते जाईल ते लिहिणारा हात रिकामा बसला म्हणून.

गेल्या वर्षी मी काकांना शोधत गेलो. थकले आहेत, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. कुरेशींची हकीकत सांगितली. पेंटरच्या नावाने अक्षर, हे ऐकून ते हसले. "चांगला पोरगा होता," म्हणाले. मी माफी मागायचे ठरवून गेलो होतो. शब्द जुळेनात. शेवटी पिशवीतून मांजरपाटाचे दोन मीटर कापड काढून पुढे ठेवले आणि म्हणालो, "काका, अ पासून ज्ञ पर्यंत लिहून द्या. दर तुम्ही सांगाल तो."

त्यांनी कापडाला हात लावून पाहिला. "खळ आहे यात. आधी धुवायला पाहिजे," म्हणाले. तीन आठवड्यांनी निरोप आला. अक्षरे किंचित थरथरली आहेत, पण 'ळ' तोच, नळाजवळचा. ते कापड आता वाचनालयात लावले आहे. रविवारी दहा-बारा मुले त्यावरून वळण गिरवतात, आणि काका खुर्चीत बसून चुका काढतात. त्याचे मानधन मंडळाच्या किर्दीत दर महिन्याला खर्ची पडते.

बंधू-भगिनींनो, तुमच्याही वस्तीत असा एखादा पेंटर असेल. नाक्यावर, रखवालदारीत, किंवा घरात बसून. यंदा सगळे फ्लेक्स बंद करा असे मी म्हणत नाही. एक तरी फलक हाताने रंगवून घ्या. घासाघीस करू नका. एखादी गमतीची पाटीही त्यांच्याकडून लिहून घ्या, जिन्यावर, नळावर, शाळेच्या भिंतीवर. आणि मुलांना कोपऱ्यातली सही वाचायला लावा.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी काकांना विचारले, "तुमचे नाव छापू का?" ते म्हणाले, "पेपरात नको. फलकावर मी स्वतः घालीन. या वेळी जरा मोठे घालतो."

जय भीम.