परसातलं डबकं
बोरी नदीच उन्हाळ्यात कोरडी पडते, त्या अमळनेरात परसात मुद्दाम पाणी साठवायचं म्हटलं की शेजारी आधी डासांची चौकशी करतात. रास्तच आहे. पण पाणी जिवंत असलं तर डासांना खाणारेही येतात. पहिल्या सरींबरोबर चतुर आपणहून हजर होतात, पाण्यात अंडी टाकतात. त्यांची मातकट पिल्लं तळाच्या गाळात दबा धरून बसतात आणि घडी घातलेला खालचा ओठ सपकन पुढे फेकून अळी उचलतात. गप्पी मासे हे काम लवकर करतील, पण बेडकांची कोवळी पिल्लंही सोडणार नाहीत. म्हणून मी तरी गप्पींच्या बाजूचा नाही. चतुरांचा जम बसेपर्यंत चहाच्या जुन्या गाळणीने आठवड्यातून दोनदा अळ्या काढायच्या, डेंग्यूशी थट्टा नको. मध्ये दोनेक फूट खोली, निंबाची सावली, कडेला वेखंड, एवढं पुरे. एक काठ मात्र ताटलीसारखा उतरता हवाच. उभ्या भिंतीच्या टाक्यात पडलेला सरडा बाहेर येत नाही. घरात रांगतं मूल असेल तर वर जाळी टाका, किंवा दोन वर्षं थांबा.