खेळाडू चालतो, कोच चालत नाही



मार्च महिना आला की आमच्याकडच्या मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम सुरू होतो. टीव्हीसमोर मुलं, मागे सोफ्यावर आपण, आणि मध्ये चिवड्याचा डबा. अशाच एका संध्याकाळी एका जुन्या मित्राने पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "सांग, इथे कुठे आहे आरक्षण? दहापैकी आठ खेळाडू ब्लॅक आहेत. कुणी तक्रार करतं का? खेळात फक्त मेरिट चालतं. मग कॉलेजात आणि नोकरीतच यांना सवलत कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण दुसऱ्याच्या घरी जेवायला गेल्यावर वाद नको. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हे लिहितो आहे.

हा प्रश्न नवा नाही. २०२३ च्या जूनमध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांतलं अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन मोडीत काढलं, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. म्हणून मित्राच्याच मैदानावर उतरतो आणि बास्केटबॉलबद्दलच बोलतो. फक्त खेळाडूंबद्दल न बोलता एका कोचबद्दल बोलतो.

जॉन मॅक्लेंडन यांचा जन्म १९१५ सालचा, कॅन्ससमधला. कॅन्सस विद्यापीठात ते शारीरिक शिक्षण शिकले. तिथे त्यांना मार्गदर्शक म्हणून लाभले जेम्स नेस्मिथ, म्हणजे १८९१ साली ज्यांनी बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला ते स्वतः! खेळाच्या जनकाचा हा पट्टशिष्य. पण त्याच विद्यापीठाच्या संघातून खेळायला त्याला बंदी, कारण कातडीचा रंग. १९३६ साली ते पदवीधर झाले. विद्यापीठाच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९५१ साल उजाडावं लागलं.

१९४० साली ते नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी एका छोट्या कृष्णवर्णीय कॉलेजचे मुख्य कोच झाले. (आजची नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी.) त्या काळी संथपणे पास देत खेळायची पद्धत होती. मॅक्लेंडन यांनी पोरांना पळवलं. चेंडू हातात आला की थेट समोरच्या बास्केटकडे धाव, आणि चेंडू गेला की पूर्ण कोर्टभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर. आज आपली मुलं शाळेच्या जिममध्ये ज्याला फास्ट ब्रेक आणि प्रेस म्हणतात, त्याच्या जडणघडणीत या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

आता मेरिटची परीक्षा बघा. त्याच डरहॅम गावात ड्यूक विद्यापीठ आहे. तिथल्या मेडिकल स्कूलच्या गोऱ्या विद्यार्थ्यांचा एक तगडा संघ होता. १२ मार्च १९४४, रविवार सकाळ. गाव चर्चमध्ये असताना हा संघ आडवाटेने मॅक्लेंडन यांच्या कॉलेजात आला. जिमला आतून कुलूप, प्रेक्षक नाहीत. निकाल लागला ८८ विरुद्ध ४४, बरोबर दुप्पट, मॅक्लेंडन यांच्या बाजूने. त्यानंतर दोन्ही संघांतले खेळाडू एकमेकांत मिसळून आणखी एक डाव खेळले. आणि मग सगळे पन्नासेक वर्षं गप्प! इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी ही हकीकत १९९६ साली छापली तेव्हा जगाला कळली.

गुप्तता कशाला, असं वाटेल. त्याच वर्षी जुलैत त्याच डरहॅममध्ये बसच्या मागच्या भागात जायला लगेच तयार न झालेल्या एका कृष्णवर्णीय सैनिकाला ड्रायव्हरने गोळी घातली. तो सैनिक मेला आणि ड्रायव्हर निर्दोष सुटला. कुलूप त्यासाठी होतं.

तर मित्रा, मेरिट होतं की नाही? होतं. ८८-४४ होतं. पण ते कुठल्याच वहीत लिहिलं जात नव्हतं. देशातल्या मोठ्या स्पर्धा या कॉलेजांना बोलावतच नव्हत्या. या कॉलेजांच्या कोचेसनी, आणि त्यात मॅक्लेंडन आघाडीवर, वर्षानुवर्षं तगादा लावला. शेवटी १९५३ साली एन.ए.आय.ए. या छोट्या कॉलेजांच्या संघटनेने त्यांना आपल्या राष्ट्रीय स्पर्धेची दारं उघडली. मॅक्लेंडन १९५४ साली नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय कॉलेजात गेले आणि १९५७, १९५८, १९५९ अशी सलग तीन वर्षं त्यांनी ती स्पर्धा जिंकली. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं त्याआधी कुठल्याही कॉलेज कोचला मिळवता आली नव्हती.

क्रम नीट बघा. मेरिट दिसलं म्हणून नियम बदलला, असं झालेलं नाही. नियम बदलला म्हणून मेरिट दिसलं. आपल्या बेसमेंटमधल्या चर्चेत हा क्रम नेहमी उलटा सांगितला जातो.

आणि पुढे? तीन विजेतेपदं मिळवणाऱ्या माणसाच्या दारात मोठ्या विद्यापीठांची रांग लागायला हवी होती. लागली नाही. १९६१ साली ते क्लीव्हलंड पायपर्स या व्यावसायिक संघाचे कोच होते. खेळाडूंच्या पगारावरून मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्याशी बिनसलं आणि त्यांनी राजीनामा दिला. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या विद्यापीठाने, क्लीव्हलंड स्टेटने, त्यांना मुख्य कोच नेमलं १९६६ साली. असं पद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय कोच, आणि तेव्हा त्यांचं वय होतं ५१. पुढे १९६९ मध्ये डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाने त्यांना कोच केलं आणि २८ सामन्यांत घरी पाठवलं. १९७९ साली हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, पण 'खेळाला हातभार लावणारे' म्हणून. 'कोच' म्हणून घेतलं २०१६ साली. ते १९९९ मध्येच वारले होते.

हे परक्यांचं आहे, असं म्हणून हात झटकू नका. आपल्याकडे बाळू पालवणकर होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारा हा दलित गोलंदाज. पुण्यात त्यांना चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. बळी घ्यायला चालले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

म्हणजे धावायला, घाम गाळायला, जिंकून द्यायला माणूस चालतो. डोकं चालवायला, हुकूम द्यायला, इतरांची निवड करायला चालत नाही. खेळाडूचं मेरिट स्कोअरबोर्डवर दिसतं. पण कोचचं मेरिट दिसण्यासाठी आधी कुणीतरी त्याच्या हातात संघ द्यावा लागतो. आणि तो देणाऱ्याच्या डोक्यात 'आपला माणूस' कसा दिसतो, हे आधीच ठरलेलं असतं.

हे आपल्याला खरं तर चांगलं कळतं. मी इथे आलो तेव्हा पहिल्या कंपनीत सहा वर्षं मला दर रिव्ह्यूला एकच वाक्य ऐकवलं गेलं: "टेक्निकली तू उत्कृष्ट आहेस, पण लीडरशिपसाठी अजून तयार नाहीस." ज्याला मी काम शिकवलं तो माझा मॅनेजर झाला. तेव्हा आम्ही चार देशी लोक कॅफेटेरियात बसून व्यवस्थेला शिव्या घालायचो. त्या वेळी आम्ही असं नाही म्हणालो, की मेरिट असतं तर दिसलंच असतं!

पुढे मीही निवड करणाऱ्यांच्या खुर्चीत बसलो. एकदा समोर रेझ्युमेंचा गठ्ठा होता. एकावर एका छोट्या कृष्णवर्णीय कॉलेजचं नाव होतं. मी ते कधी ऐकलेलं नव्हतं. गुण चांगले, प्रोजेक्ट चांगले. मी तो 'नंतर बघू'च्या ढिगात ठेवला, आणि नंतर काही बघितला नाही. कुणाचा द्वेष नव्हता मनात. सीओईपी की व्हीजेटीआय, की 'कुठलं तरी प्रायव्हेट', एवढ्यावर माणूस तोलायची आपली जुनी सवय, तीच मी इथे वापरली. डरहॅमच्या जिमचं कुलूप असंच, कुणाचाही द्वेष न करता, माझ्याही हातून लागलं.

अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनमध्ये दोष नव्हते असं मी म्हणत नाही. ते आणि आपल्याकडचं आरक्षण एकच आहे असंही नाही. त्यावर जरूर वाद घालू. पण एक लक्षात ठेवा. आपल्यापैकी बहुतेकांना इथे येता आलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. देशागणिक कोटे मोडणारा तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात झाला. ज्यांनी मार खाऊन ते दार ढकललं, त्यांच्याच मुलांना आपण आज मेरिट शिकवतो आहोत.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये मॅच बघताना खेळाडू मोजू नका. साइडलाइनवर कोच म्हणून कोण उभा आहे, ते बघा. आणि सोमवारी ऑफिसात गेल्यावर 'नंतर बघू'चा ढीग आधी उघडा.