महिन्यातला एक रविवार गल्ला बंद!

नाहूरला दुकान टाकलंत की मुलं तुम्हाला फक्त गल्ल्यावरच बघतात. म्हणून सांगतो, महिन्यातला एक रविवार त्यांच्यासोबत श्रमदानाला द्या. लोकलने घाटकोपर, मेट्रोने वर्सोवा, पुढे रिक्षाने किनारा. ऑक्टोबर २०१५मध्ये वकील अफरोज शाह यांनी एका वयस्कर शेजाऱ्यासोबत तिथली सफाई सुरू केली; नंतर हजारो हात लागले. धंद्यातही पहिल्या दिवशी गर्दी नसते, तरी ठरल्या वेळी शटर उघडावंच लागतं. मुलं हे बघून शिकतात.

लहानग्यांना हातमोजे द्या, काचा तुम्ही उचला, तासाभरात थांबा. आणि हो, व्हिजिटिंग कार्ड घरीच ठेवा. सेवेची जाहिरात केलीत, तर मुलं फक्त जाहिरातच शिकतील.