हंपी की बदामी?

लक्ष्मीपूजनानंतर दुकानाचे शटर खाली आले की ते लाभपंचमीच्या मुहूर्तालाच पुन्हा वर जाते. व्यापारी कुटुंबाला वर्षातून सलग सुटी मिळते ती एवढीच, चार दिवसांची. कल्याणच्या कापड दुकानात चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माझ्या थोरल्या बंधूंनी गेल्या दिवाळीत प्रथमच स्वतःहून म्हटले, “या वर्षी कुठेतरी जाऊ या. पुढे गुडघे नेतील की नाही, सांगता येत नाही.” डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला होता, हे वहिनींनी मला मागाहून सांगितले.

पुतण्याला हंपी हवे होते. दादांना लेणी पाहायची होती, म्हणून बदामी. निर्णय निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. डोंबिवलीस घरी बसून मी कागदावर दोन रकाने आखले.

दोन्ही ठिकाणचे आकर्षण खडकांचेच. परंतु खडक अगदी भिन्न. आपल्या खिडकीतून दिसणारा मलंगगड किंवा मुंब्र्याचा डोंगर हा लाव्हारसाचा काळा बेसाल्ट, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. हंपीचा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा. तेथील एकमेकांवर तोललेले प्रचंड गोल धोंडे कोणी रचलेले नाहीत. अखंड खडकाला चिरा पडल्या, त्यांत पाणी मुरले, कडा झिजल्या आणि धोंडे उरले. बदामीचा दगड याहून निराळा, तांबूस वालुकाश्म, प्राचीन नद्यांनी थरावर थर साचवलेली वाळू. म्हणूनच चालुक्यांनी सहाव्या शतकात बदामीस डोंगराच्या पोटात लेणी कोरली, तर विजयनगरच्या कारागिरांनी कठीण ग्रॅनाइट भोकांच्या रांगा पाडून फोडला आणि चिऱ्यांवर चिरे चढवले. हंपीच्या कित्येक धोंड्यांवर त्या भोकांच्या रांगा आजही दिसतात.

आपल्या दृष्टीनेही दोन्ही रकाने भरलेले होते. हंपीस सेनापती इरुगप्पाने 1385 मध्ये उभारलेले कुंथुनाथांचे मंदिर आहे. लोक त्यास गाणगित्ती, म्हणजे तेलिणीचे मंदिर म्हणतात. बदामीचे चौथे लेणे जैन आहे. आकाराने सर्वांत लहान, परंतु त्यात नागफणांखालील पार्श्वनाथ आणि वेलींनी वेढलेले बाहुबली आहेत. जवळच ऐहोळेच्या टेकडीवर मेगुती मंदिरात रविकीर्तीचा 634 सालचा शिलालेख आहे. त्यात कालिदास व भारवी यांची नावे येतात, आणि पुलकेशीच्या ताब्यातील तीन महाराष्ट्रकांच्या नव्याण्णव हजार गावांचाही उल्लेख येतो. तो लेख पाहावा, ही माझी महाविद्यालयीन दिवसांपासूनची इच्छा. खरे सांगायचे तर ती इच्छा हिशेबात नकळत मिसळली.

हंपीचा पसारा चाळीसहून अधिक चौरस किलोमीटर, सावली तुरळक, मुक्काम बहुधा 13 किलोमीटरवरील होसपेटला. बदामीत तलाव, लेणी व बाजार हाकेच्या अंतरावर. रात्री कल्याणला गाडीत बसावे, दुसऱ्या दिवशी बदामीस उतरावे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण लहान गावात साधणे सोपे. दोन्ही ठिकाणे एकाच फेरीत उरकण्याची पुतण्याची सूचना मी फेटाळली. चार दिवसांत तेवढी धावपळ म्हणजे फक्त मोटारीच्या काचेतून पाहणे. निकाल बदामीच्या बाजूने लागला.

खानावळवाल्याला सकाळीच सांगून ठेवले की कांदा-लसणाविना ज्वारीची भाकरी व डाळ पाचच्या सुमारास ताटात पडे. त्या बाबतीत माझा अंदाज अचूक ठरला. चुकला तो पायऱ्यांचा. अंतरे, भाडी, जेवणाच्या वेळा सगळे मी मांडले होते. पायरीची उंची कोणत्याच रकान्यात नव्हती. बदामीची लेणी डोंगराच्या कड्याला एकामागून एक चढत जातात. जैन लेणे सर्वांत शेवटी. दादा दुसऱ्या लेण्याच्या ओट्यावर बसले ते उठेनात. म्हणाले, “तुम्ही जाऊन या. मी येथून तलाव पाहतो.”

आम्ही वर गेलो. बाहुबलींसमोर उभे असताना माझे लक्ष मूर्तीकडे कमी आणि खालच्या वळणाकडे अधिक होते. पुतण्याने मोबाइलवर चित्रफीत काढून दादांना दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली, काही बोलले नाहीत. हंपीचे गाणगित्ती मंदिर रस्त्यालगत सपाटीवर आहे, हे मला ठाऊक होते. ते मी कागदावर लिहिलेही होते, फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऐहोळे रद्द केले. मेगुतीलाही चढ आहेच. माझा शिलालेख राहिला तो राहिलाच. त्याऐवजी पट्टदकलला गेलो. तेथील मुख्य मंदिरसमूहापासून थोड्या अंतरावर राष्ट्रकूटकालीन जैन मंदिर आहे. गर्दी तिकडे फारशी फिरकत नाही. जमीन सपाट. आतल्या दाराच्या दोन्ही अंगांना जवळजवळ खऱ्या आकाराचे हत्ती कोरलेले आहेत. दादा काठी टेकत एकटेच आत गेले आणि तासभर बाहेर आले नाहीत. वहिनींनी कोणाला हाक मारू दिली नाही. बाहेर आल्यावर त्यांनी एका खांबावर हात ठेवून, ताग्याचा पोत पाहावा तसा तळवा फिरवला आणि म्हटले, “माल चांगला आहे.”

त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आता ठरली आहे. त्यानंतर येणाऱ्या दिवाळीत हंपी. या वेळी आखणी पुतण्या करणार असून, कागद काकांना दाखवायचा नाही असे त्याने घरात बजावून ठेवले आहे.