सलाईन चालू आहे, पण माणसाचं काय?

पंढरपुरात राहणाऱ्याला एक गोष्ट लहानपणापासून पाठ असते. आषाढी जवळ आली की गावाचं रूपच पालटतं. वाखरीकडून दिंड्यांची रीघ लागते, मठ-धर्मशाळा भरून जातात, ओळखदेख नसलेल्या माणसाला आपण ओसरीवर पथारी टाकून देतो. ‘माउली, पाणी हवं का?’ हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग हीच आपली माणसं हॉस्पिटलच्या वॉर्डात शिरली की एवढी मुकी का होतात? गंभीर आजारी माणसाजवळ बसून काय बोलावं, हे आपल्याला का सुचत नाही? हा प्रश्न बरेच दिवस छळतोय, म्हणून हा लेखनप्रपंच.

मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगवाले. बिघाड शोधायचा, पार्ट बदलायचा, मशीन चालू करायचं, ही आपली पद्धत. आजचं हॉस्पिटलही बरंचसं असंच चालतं आणि त्यात वाईट काही नाही. व्हेंटिलेटर काय, डायलिसिसचं मशीन काय, आपल्याच भाईबंदांनी घडवलेलं आहे आणि त्यामुळे जीव वाचतात. पण मॉनिटरवर नाडी दिसते, ऑक्सिजन दिसतो. ‘माझ्यामागे पोरांचं कसं होणार?’, ‘माझ्याच नशिबी हे का आलं?’, ‘एकदा कळसाचं तरी दर्शन घडेल का?’ हे मात्र कुठल्याच स्क्रीनवर उमटत नाही. मोजता येत नाही म्हणून ते नसतंच, असं थोडंच आहे?

हे म्हणणं काही भाबडं नाही. डॉ. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलमधल्या समाजसेविका झाल्या आणि नंतर डॉक्टर. रोग्याला तिन्ही बाजूंनी पाहिलेल्या या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ अशी कल्पना मांडली. शरीराचं दुखणं, मनाचं दुखणं, घरादाराची-पैशाची विवंचना आणि आत्म्याची तळमळ ही चारही दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात. एक वाढलं की बाकीचीही वाढतात. गंभीर आजारात त्रास कमी करणारी जी सेवा असते, तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या करताना शारीरिक आणि मानसिक-सामाजिक त्रासाच्या जोडीला आध्यात्मिक त्रासही घातला आहे आणि रोग्याच्या बरोबरीने त्याच्या कुटुंबाचाही विचार केला आहे.

आता ‘आध्यात्मिक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टाळ-मृदंग नाहीतर प्रवचन येतं. पण इथे अर्थ साधा आहे. ज्याच्या आधारावर हा माणूस आजवर जगला, तो आधार आजारपणात त्याच्याकडून काढून घ्यायचा नाही, बस!

माझ्या आजीला एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनसाठी दाखल केलं होतं. ऑपरेशनला गळ्यात काही नको, हे बरोबरच आहे. पण आदल्या संध्याकाळी कुणी आलं, काही न विचारता, न सांगता तिच्या गळ्यातली तुळशीची माळ कात्रीने कापली आणि प्लास्टिकच्या पिशवीत टाकून आमच्या हातात दिली. लग्नाआधीपासून गळ्यात असलेली माळ! ऑपरेशनची भीती आजीने एकदाही बोलून दाखवली नाही. ‘माझी माळ तुटली गं पोरी,’ एवढंच ती घोकत राहिली. रात्रपाळीच्या सिस्टरच्या ते लक्षात आलं. त्यांनी दोऱ्याला गाठ मारून माळ आजीच्या मुठीत दिली आणि म्हणाल्या, ‘आजी, सकाळी थेटरच्या दारापर्यंत तुमच्याकडेच राहू दे. तिथून पुढे मी सांभाळायला सांगते. शुद्धीवर आलात की परत तुमच्या हातात.’ जेमतेम अर्धा मिनिट लागला असेल. आजी त्या रात्री झोपली. माळेने तिचा आजार बरा झाला नाही. त्यानंतर ती सात महिने होती. पण त्या सिस्टरचं नाव तिने शेवटपर्यंत काढलं, डॉक्टरांचं नाव तिला कधी आठवलं नाही.

म्हणजे हे काम जमतं. पण कुणाच्या तरी चांगुलपणावर किती दिवस सोडून द्यायचं? त्याची पद्धत का असू नये? अमेरिकेत १९९६ साली डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी डॉक्टरांसाठी सोपी प्रश्नावली तयार केली. तिचा मथितार्थ आपल्या भाषेत असा : तुम्हाला बळ कशातून मिळतं? आजारपणात त्याचं तुम्हाला किती महत्त्व वाटतं? तुमच्या सोबतीला कोण आहे? आणि उपचार करताना आम्ही काय ध्यानात ठेवावं? चारच प्रश्न. आपल्या व्हायवात याहून जास्त विचारतात! केसपेपरवर रक्तगट लिहितात, ॲलर्जी लिहितात. ‘माळकरी आहेत, काढण्याआधी सांगावे’ एवढी ओळ लिहायला कितीशी शाई लागते?

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, ‘इथे बेड मिळायची मारामार आणि तुम्ही कसलं अध्यात्म घेऊन बसलात?’ खरं आहे. डॉक्टर-नर्सवर कामाचा बोजा प्रचंड आहे. म्हणूनच ऐकून घेण्याचं काम शिकलेल्या स्वयंसेवकांनी उचलायला हवं. केरळात हे घडलं आहे. १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेलं काम गावोगावच्या साध्या माणसांनी शिकून घेतलं, वाढवलं आणि २००८ साली त्या राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच जाहीर केलं.

दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. ‘हॉस्पिटलात धर्म शिरला तर बुवाबाजीही शिरेल.’ ही भीती रास्त आहे. घाबरलेलं कुटुंब कुणाच्याही नादी लागतं; अंगारे-धुपारे, दोरे-गंडे सुरू होतात आणि औषध मागे पडतं. म्हणून तर आपल्या राज्याला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. पण जरा विचार करा, बुवाकडे माणूस जातो का? तिथे त्याचं कुणीतरी ऐकून घेतं म्हणून. वॉर्डातच कुणी ऐकून घेतलं तर ती पायरी चढायची वेळ कमी जणांवर येईल. मात्र पथ्य कडक हवं : उपदेश नाही, चमत्काराची आशा नाही, औषधात ढवळाढवळ नाही. रोग्याची श्रद्धा चालेल, आपली नाही. तो मुसलमान असो, बौद्ध असो, नाहीतर देव न मानणारा असो. नास्तिकालाही कुणाची तरी माफी मागायची असते, कुणाला तरी शेवटचं भेटायचं असतं.

आणि नातेवाईक? त्यांचं दुःख आपल्या या पंढरीत येणाऱ्या एका माणसाने फार आधी ओळखलं होतं. गाडगेबाबा वारीला येत, पण देवळाच्या रांगेत न लागता वाळवंट झाडत. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळही रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. दादरला त्यांच्या मिशनच्या धर्मशाळेत गावोगावचे कॅन्सरचे रोगी आणि त्यांची माणसं उतरतात. डोक्यावर छप्पर, पोटाला घास आणि शेजारी आपल्यासारखाच दुसरा कुणी... ही आध्यात्मिक सेवा नाही तर काय?

२०२० साल आठवा. मार्चमध्ये विठ्ठलाचं देऊळ बंद झालं, आषाढीला पादुका एस.टी.ने आल्या. वारी चुकल्याचं दुःख सगळ्यांनी बोलून दाखवलं. पण त्याच काळात कितीतरी घरांना आपल्या माणसाचा हात शेवटच्या घडीला धरता आला नाही, फोनवरच निरोप घ्यावा लागला. उपचार असूनही माणूस एकटा पडतो म्हणजे काय, हे तेव्हा साऱ्या जगाला कळलं. आता सगळं सुरळीत झालं, तर ते विसरून कसं चालेल?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या युनिटने वारीत स्वच्छता करावीच. पण वर्षभरासाठी एक काम आणखी घ्यावं. गावातल्या उपजिल्हा रुग्णालयाशी बोलावं. या विषयातल्या जाणकार डॉक्टर-नर्सना बोलावून दहा-पंधरा जणांनी रीतसर शिकून घ्यावं : जवळ कसं बसायचं, कसं ऐकायचं, ‘सगळं ठीक होईल’ असं खोटं न बोलता धीर कसा द्यायचा. ते चार प्रश्न सोप्या मराठीत छापून द्यावेत. नातेवाइकांना घटकाभर शांत बसायला, हवं तर रडायला, एक खोली मागावी. तिथे कुठल्याच देवाचा फोटो नसला तरी चालेल. खर्च म्हणाल तर गॅदरिंगच्या मांडवापेक्षा नक्कीच कमी!

सबमिशनमधून आठवड्याचे दोन तास निघणार नाहीत, असं सांगू नका. कट्ट्यावर किती वेळ जातो ते मलाही माहीत आहे. नोटीस बोर्डाशेजारी एक कोरा कागद लावलाय. पहिलं नाव माझं आहे. दुसरं कुणाचं?