तळहाताएवढी जमीन

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात मोटारसायकलच्या टायरवर लिहावे, हे कित्येकांना रुचणार नाही. कविता, कथा, प्रवासवर्णन हे आपले प्रांत. टायर हा पंक्चरवाल्याचा विषय, असे आपण मानतो. मीही जून २०२४ पर्यंत असेच मानत होतो.

आमचे घर धायरीत. धायरी फाट्यावरून सिंहगड रस्त्याने शहरात यायचे आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परतायचे, हा माझा नित्यक्रम. गाडी वडिलांची, आता माझ्याकडे आलेली. मागचा टायर अगदी गोटा झाला, तेव्हा वडिलांनी पैसे हातावर ठेवले आणि म्हणाले, "चांगला बघून घे." मी बघूनच घेतला! एका दुकानात सवलतीत मिळाला. मुळापेक्षा रुंद, खोल नक्षीचा, काळाभोर. उरलेल्या पैशांत मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवला. मित्रांनी पाठ थोपटली.

महिनाभरात पहिला पाऊस आला. मागे धाकटी बहीण बसली होती. वेग फार नव्हता. पण पुढचा टेम्पो अचानक थांबला, मी ब्रेक दाबला आणि मागचे चाक बाजूला सरकले. मला खरचटले. तिचा उजवा हात मनगटात मोडला व सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिला. दवाखान्यात तिने मला विचारले, "दादा, मी नीट धरलं नव्हतं का?" त्या प्रश्नाला उत्तर देण्याचे धैर्य मला झाले नाही.

उत्तर दिले ते आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी. टायरच्या कडेवर बोट ठेवून ते म्हणाले, "नक्षी बघून घेतलास होय? ह्याचं वय बघितलंस का?" तिथे लंबगोलात चार आकडे होते : ०९१८. म्हणजे २०१८ सालचा नववा आठवडा. माझा 'नवा' टायर सहा वर्षांचा होता! तीन वर्षे मी ग्रंथांतील ओळींचे अर्थ लावत होतो. पण ज्या चार आकड्यांवर बहिणीचा हात अवलंबून होता, ते वाचावे असे मला सुचले नाही.

दोष एकट्या टायरचा नव्हता, हे कबूल करतो. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ, तेल आणि पाणी यांचा बुळबुळीत थर होतो, हे मला ठाऊक असायला हवे होते. परंतु त्या थरावर आपल्याला धरून ठेवणारे दुसरे असते तरी काय? दोन माणसांसह धावणारी मोटारसायकल रस्त्याला टेकते ती प्रत्येक चाकाच्या साधारण तळहाताएवढ्या जागेत. रबर मऊ असले तर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात रुतते आणि पकड घेते. ऊन, हवा आणि काळ त्याला कडक करतात. नक्षीचे काम वेगळे. तिच्या खाचांतून पाणी बाहेर ढकलले जाते. खाचा शाबूत आणि रबर वाळलेले, अशी स्थिती असू शकते. कोरडे रबर वरून तरुण दिसते, हाच तर धोका!

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, टायर पाहून घेऊ नये, वाचून घ्यावा. समजा, त्यावर '१००/९०-१७ ५५ पी' असे लिहिले आहे. १०० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी; ९० म्हणजे उंची रुंदीच्या ९० टक्के; १७ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. ५५ हा भाराचा क्रमांक, त्याचा अर्थ २१८ किलो. आणि 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतची क्षमता. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर तोही पाळायचा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप घ्यावे. भार आणि वेग यांची अक्षरे त्याहून खालची नसावीत.

आपल्या वाहनतळावर मात्र वेगळेच दिसते. कुणी मूळ रिमवर रुंद टायर चढवतो. तो कडांनी आवळला जातो, त्याचा आकार बिघडतो आणि वळणावर गाडी जड होते. कधी साखळीच्या कव्हरला घासतोही. कुणी बटणाचे टायर लावतो, जणू रोज शेतातूनच महाविद्यालयात येतो! मातीत ते उत्तम. डांबरावर मात्र बटणांमधल्या मोकळ्या जागेमुळे टेकणारे रबर कमी पडते. आणि पुढच्या टायरकडे तर कुणीच पाहत नाही. तो हळू झिजतो म्हणून वर्षानुवर्षे तोच चालतो. वास्तविक ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बरेचसे काम तोच करतो.

कुणी म्हणेल, "हे सारे खरे, पण पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न खोटा नाही. आपल्यापैकी अनेकजण पेट्रोलही मोजून भरतात. मऊ रबराचा टायर पकडीला चांगला, पण लवकर झिजतो. कडक रबराचा टिकतो, पण ओल्या रस्त्यावर भरवसा कमी. रोजच्या प्रवासाला मधला मार्ग पुरेसा आहे. उंची टायर कुणी मागत नाही. ताजी तारीख, योग्य माप, आयएसआयची खूण आणि महिन्यातून दोनदा थंड टायरमधली हवा तपासणे, यांपैकी शेवटच्या गोष्टीला तर जवळपास काहीच खर्च नाही. काटकसर हॉर्नवर करावी, स्टिकरवर करावी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९४ वा नियम दुचाकीच्या टायरच्या खाचांना किमान ०.८ मिलिमीटर खोली सांगतो. पण ही शेवटची मर्यादा झाली. कायदा खाचांची खोली मोजतो; मागे बसणाऱ्याचा विश्वास मोजण्याचे साधन त्याच्याकडे नाही. तो माणूस टायर निवडत नाही, तारीख वाचत नाही, फक्त आपल्या खांद्यावर हात ठेवून बसतो.

बहिणीचा हात आता बरा आहे. नवा टायर घेताना मी तिलाही दुकानात नेले. दुकानदार नक्षी दाखवत होता, आणि ती वाकून ते चार आकडे शोधत होती.

— तृतीय वर्ष, कला