आभाळाला शिव्या देऊ नका

दोस्तांनो, "पाऊसच घटला, काय करणार?" हे कीर्तन बंद करा. पाऊस लहरी झालाय, खरंय. पण गोदावरी काय नुसत्या लहरीनं आटली? १९२६ ला प्रवरेवर भंडारदरा झालं. मग गंगापूर, मुळा. १९७६ ला पैठणला जायकवाडी झालं, तरी वर धरणं बांधणं थांबलंच नाही. घाटावरचा पाऊस वरच अडतो, उसात जिरतो.

२००५ चा कायदा सांगतो, टंचाईत ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या धरणांत पाण्याचा टक्का सारखा ठेवा. सोडायची वेळ आली की वरचे कोर्टात पळतात.

अन् समजा, आलं पैठणला. आमच्या वस्तीत येतं का? मी पोटासाठी गिरणीत आलो. माय गावात अजून दुसऱ्याच्या विहिरीवर "थांब गं" ऐकती.

मोर्चात नुसता टँकर मागू नका. कुठल्या धरणात किती टक्के, ते मागा.